बिबट्याचा फोटो काढायचाय? आधी त्याची वाट ओळख

रावेर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: "काका, घरची केळी आहे. दिवाळीत पहिला कॅमेरा घेतला, सोबत ७०-३०० ची लेन्स. महिनाभरापासून आमच्या शिवारात बिबट्या फिरतोय. शेजारच्या बागेत दोघांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. मला त्याचा चांगला फोटो काढायचाय. मित्र म्हणतात आधी प्राणिसंग्रहालयात जाऊन हात बसव. दुसरा म्हणतो पिंजऱ्यातला फोटो म्हणजे फोटोच नाही. सुरुवात कुठून करू? आणि ही लेन्स पुरेल का?"

उत्तरं आधी देऊन टाकतो. लेन्स पुरेल. सुरुवात प्राणिसंग्रहालयातूनच कर. आणि शेजारच्या केळीत कॅमेरा घेऊन शिरू नकोस, दिवसा नाही आणि रात्री तर नाहीच.

बावीस वर्षं झाली, मी सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात कॅमेरा घेऊन फिरतोय. यावलचं अभयारण्य, पाल, अनेर, तोरणमाळ, चाळीसगावकडचं पाटणादेवी आणि गौताळा, सगळं पायाखालचं. एवढ्या वर्षांत आपल्या भागात दिवसाउजेडी नीट दिसलेला बिबट्या मोजून सहा वेळा. त्यातले भिंतीवर लावावेत असे फोटो दोन. दोन्ही वेळा तो जिकडे निघाला होता तिकडे मी आधीपासून बसलेलो होतो, आणि त्याची वाट मी अडवलेली नव्हती. ज्या वेळी त्याच्या मागे धावलो, त्या प्रत्येक वेळी शेपटीचं टोक तेवढं हाती लागलं. त्याला कुठे जायचंय ते ओळखायचं आणि ती वाट सोडून बाजूला बसायचं, हे एक जमलं की बाकीचं कॅमेऱ्याचं काम शिकता येतं. पिंजऱ्यातसुद्धा हेच लागू आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपल्याला जवळ म्हणजे संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, नाहीतर सातपुडा ओलांडून इंदूरचं कमला नेहरू प्राणिसंग्रहालय. पुण्याला जाणं झालं तर कात्रज, मुंबईला राणीची बाग, नागपूरला गोरेवाडा. गोरेवाड्यात २०२१ पासून गाडीत बसून बिबट्याची सफारी करता येते. कात्रज आणि राणीची बाग बुधवारी बंद असतात, तेव्हा वार बघून नीघ. आणि बिबट्याच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. जाळीपलीकडे पट्टेरी वाघ असला तरी हात तसाच बसतो.

बिबट्याच्या पिंजऱ्याची एक वेगळी अडचण आहे, ती मात्र माहीत असू दे. वाघाला खंदक आणि भिंत पुरते. बिबट्या चढतो, म्हणून त्याचा पिंजरा वरूनही बंद करावा लागतो. दुपारी त्या वरच्या जाळीची सावली चौकटी-चौकटींनी थेट त्याच्या अंगावर पडते. ठिपक्यांवर चौकटी आल्या की तो फोटो गेला, नंतर संगणकावर कितीही बसलास तरी त्या निघत नाहीत. म्हणून ऊन वर चढायच्या आत काम आटप, नाहीतर ढगाळ दिवस निवड. मला विचारशील तर श्रावणातला भुरभुर पावसाचा दिवस सगळ्यात चांगला. गर्दी नसते, उजेड सगळीकडे सारखा असतो, ओल्या पानांमुळे मागचा हिरवा रंग गडद येतो, आणि गारव्यामुळे जनावर जागं असतं, फिरत असतं.

आता समोरची जाळी. ती फोटोतून घालवायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तू जाळीच्या जवळ, बिबट्या जाळीपासून लांब, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं. यामागचं गणित कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. तुझी लेन्स ३०० मिलिमीटरच्या झूमवर असताना ॲपर्चर एफ ५.६ पर्यंत उघडत असेल. ३०० भागिले ५.६ केलं की साधारण ५४ येतात. म्हणजे ५४ मिलिमीटर व्यासाचं भोक उजेडासाठी उघडं आहे. जाळीची तार असते तीन-चार मिलिमीटरची. एवढ्या मोठ्या भोकापुढे ती आली तर थोडा उजेड खाते, चित्र जरासं फिकं पडतं, पण तार म्हणून दिसत नाही. तीच लेन्स ७० वर आणलीस तर एफ ४ ला भोक उरतं साडेसतरा मिलिमीटरचं. मग तीच तार राखाडी पट्टा होऊन चेहऱ्यावर येते. म्हणून जाळीपुढे झूम मागे घ्यायचा नाही. अख्खा बिबट्या मावत नसेल तर नुसता चेहरा घे, नुसता पंजा घे, पाठीवरचे ठिपके घे.

बहुतेक ठिकाणी जाळीच्या अलीकडे लोखंडी कठडा असतो. तो ओलांडायचा नाही, हात लांब करून कॅमेरा आत सरकवायचा नाही. बिबट्याचा पंजा जाळीतून बाहेर यायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही. कठड्यामुळे तू जाळीपासून लांब राहतोस, म्हणून बिबट्या मागच्या भिंतीकडे जाईपर्यंत थांबावं लागतं. तो जितका मागे, तितकी जाळी नाहीशी. शिवाय कोणत्या बाजूची जाळी सावलीत आहे तेही बघ. उन्हात चमकणारी तार कितीही ॲपर्चर उघडलं तरी सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा आणते. पिंजऱ्याला एक पूर्ण फेरी मार, सावलीतली बाजू शोध, मगच कॅमेरा बाहेर काढ.

फोकस जाळीवर जाऊन बसतो ही सगळ्यांची तक्रार. फोकसचा एकच बारीक बिंदू निवड आणि तो जाळीच्या भोकातून थेट डोळ्यावर ठेव. तरीही तारेवर जात असेल तर सरळ हाताने फोकस कर, डगमगू नकोस. आधी मागच्या भिंतीवर फोकस धरायचा आणि मग हळूहळू पुढे आणत डोळ्यावर थांबायचं, असं केलं की पटकन जमतं. नव्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा आपोआप पकडायची सोय असते, पण जाळी आडवी आली की तीही गोंधळते.

काच असेल तर काम सोपं वाटतं, पण काचेला प्रतिबिंब असतं. लेन्सचं तोंड काचेला अगदी टेकव, तिरकं धरू नकोस. सोबत गजभर काळं कापड ठेव. लेन्सभोवती ते धरलं की मागचे लोक, तुझा स्वतःचा पांढरा शर्ट, काहीच काचेत उमटत नाही. फ्लॅश कुठेच नाही, काचेपुढे नाही आणि जाळीपुढेही नाही.

इथपर्यंत झाली अवजारं. खरं शिकायचं ते पुढे आहे. काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात मी सलग तीन दिवस एकाच मादीसमोर बसलो होतो. ती जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालायची. डावीकडच्या कोपऱ्यात वळताना तिचा खांदा दर वेळी एकाच खांबाला घासायचा, आणि त्या जागी खांबाचा रंग उडून खालचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. पहिला दिवस मी नुसता मोजत बसलो. उजवीकडे चौदा पावलं, वळण, पुन्हा चौदा. मधेच कधीतरी ती मागच्या दाराशी थांबायची, नाक वर करायची, दोन-तीन श्वास घ्यायची आणि पुन्हा चालू लागायची. त्या दारातून संध्याकाळी तिला आत घेऊन खायला द्यायचे. तिसऱ्या दिवशी मी त्या दाराच्या बरोबर समोर बसलो, फोकस दारावर धरला आणि पाऊण तास काहीच केलं नाही. ती आली, थांबली, नाक वर केलं, आणि मागून आलेल्या उजेडात तिच्या मिशांचा एकेक केस वेगळा दिसला. चार फोटो काढले. चारही चांगले आले.

या येरझाऱ्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एकाच रेषेत, त्याच पावलांवर तासन्‌तास चालणं हा त्याचा रुबाब नसतो. बंद जागेत करायला काही नसलं, ताण असला की जनावरं तसं करतात. तो फोटो काढून खाली "शिकारीच्या शोधात" असं लिहिलंस तर तू खोटं बोललास. आणि लोक शिट्ट्या मारतात, शुक-शुक करतात, जाळीवर बाटली आपटतात, ते तू करू नकोस आणि दुसऱ्यालाही करू देऊ नकोस. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला त्रास देणं, आवाज करून डिवचणं, खायला टाकणं हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे या कलमाखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेव, फोटोसाठीही ते वाईटच. डिवचलेल्या बिबट्याचे कान मागे पडतात, डोळ्यांच्या फटी होतात. तो समोर बघतो खरा, पण ज्याला निघून जायला जागाच नाही त्याचा तो चेहरा असतो. पिंजऱ्यातल्याची वाट माणसाने आधीच बंद केलेली आहे, म्हणून तिथे आपण जास्त जपून वागायचं.

आता तुझ्या शेजारच्या केळीचं.

बिबट्या केळीत का येतो हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. वैशाखात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असताना बागेत गारवा असतो, ठिबकमुळे ओल असते, बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि गावाच्या कडेला कुत्री, डुकरं असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. जंगल जवळपास नसलेल्या त्या ऊसपट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा होता. २०२२ च्या अंदाजात देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचं सांगितलंय, पण ती मोजणी जंगलातली. केळी-उसातले त्यात नाहीत. म्हणजे तुझ्या शिवारातला बिबट्या वाट चुकून आलेला नाही. तो तिथे राहतो, आणि लोकांना टाळून राहतो.

केळीच्या बागेत माणसाला किती लांबचं दिसतं? दहा फूट, फार तर पंधरा. दिवसा बिबट्या आत झोपलेला असतो. एका बाजूने तू शिरलास, दुसऱ्या बाजूने तुझे मित्र मोबाईल घेऊन आले, तिसरीकडे कुणी फटाका वाजवला, तर त्याने निघायचं कुठून? तो अंगावर येतो असं लोक म्हणतात. पुष्कळदा तो निघून जायच्या बेतात असतो आणि आपण नेमके त्याच वाटेवर उभे असतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एकदा अशा गर्दीत होतो. नाल्यात बिबट्या अडकलाय म्हणून दोन्ही काठांवर तीन-चारशे माणसं जमली होती. मला चांगली जागा मिळाली याचाच आनंद होता. बिबट्या नाल्यातून वर आला तो माझ्यापासून वीस फुटांवर, आणि माझ्या शेजारच्या माणसाचा दंड फाडून निघून गेला. त्या दिवशीचा एक फोटो माझ्याकडे आहे, थोडा हललेला. आजवर कुणाला दाखवलेला नाही. ती जागा मी घेतली नसती, तर ती त्याची निघायची वाट होती.

दुसरी गोष्ट फोटोग्राफरांनीच एकमेकांना सांगायला हवी. "लो अँगल" घ्या, जनावराच्या डोळ्याच्या पातळीवर या, असं सगळीकडे शिकवतात. प्राणिसंग्रहालयात आणि सफारीच्या गाडीत ते बरोबर आहे. शेतात मात्र बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, भक्ष्याच्या उंचीचा दिसतो. वाकून काम करणाऱ्या बायका, लहान मुलं, उघड्यावर बसलेली माणसं यांच्यावर हल्ले का होतात, ते यावरून कळेल. बांधावर गुडघे टेकून कॅमेरा डोळ्याला लावला की तू तसाच दिसतोस, आणि वर आजूबाजूचं काही तुला दिसत नाही. पाणी भरायला रात्रीची लाईट असते तेव्हा बागेत जावंच लागतं, ते कुणाला चुकलेलं नाही. दोघांनी जा, मोबाईलवर गाणी मोठ्याने लाव, बॅटरी हलवत चाल. समोर आलाच तर पळू नकोस, खाली वाकू नकोस. उभा राहा, आवाज दे, हळूहळू मागे सर आणि त्याला निघायला जागा दे. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माणसं गेली, आणि शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. तिथली माणसं अजून संध्याकाळी मुलांना अंगणात एकटं सोडत नाहीत. त्यांना कुणी "बिबट्या सुंदर असतो" असं ऐकवू नये.

व्हिडिओ गावाच्या नावासकट गटागटांवर फिरला की पुढे काय होतं? दोन दिवसांत बघ्यांच्या गाड्या येतात. मग पिंजरा लावायची मागणी होते. बिबट्या पकडला जातो, दुसरीकडे सोडला जातो. जुन्नर भागात २००१ ते २००३ च्या सुमारास मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले होते, आणि ज्या भागांत सोडले तिथे माणसांवरचे हल्ले उलट वाढले. जनावर अनोळखी जागी गेलं की त्याला ना वाट ठाऊक, ना लपायची जागा. म्हणून तुझ्याकडे त्याचा फोटो आला तरी गावाचं, शिवाराचं नाव टाकू नकोस आणि मोबाईलमधली ठिकाण नोंदवायची सोय बंद ठेव. सांगायचंच असेल तर वनखात्याला सांग, १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे.

गिरणाकाठीच एकदा ऊसतोडणीत दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले, अंगावर राखाडी लव, ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे. मुकादमाच्या टोपलीत ती ठेवली होती आणि पंधरा-वीस जण सेल्फी काढत होते. वनरक्षक आला, त्याने सगळ्यांना हात जोडून बाजूला केलं आणि मलाही कॅमेरा बॅगेत ठेवायला सांगितलं. मी ठेवला. संध्याकाळी पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवली, शेत रिकामं केलं. रात्री आई आली आणि एकेक करून दोघांना तोंडात धरून घेऊन गेली. वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात ते आलं. अंधारातलं, काळंपांढरं, धूसर चित्र. माझ्या दोन चांगल्या फोटोंपेक्षा मला ते जास्त आवडतं.

त्यावरूनच तुला एक मार्ग सांगतो. तुझ्या स्वतःच्या बांधावर तू ट्रॅप कॅमेरा लावू शकतोस. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा, रात्री अदृश्य इन्फ्रारेड उजेड वापरणारा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कानावर आधी घाल. बांधावरची पायवाट, नाला ओलांडायची जागा, पाटाचा काठ बघ, तिथे पंजाचे ठसे मिळतील. बिबट्याचा ठसा गोल, आठेक सेंटिमीटर रुंद, नखांच्या खुणा नसलेला, आणि मागच्या गादीला तीन गोलसर कडा. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच, वाटेपासून तीन-चार मीटर लांब, थोडा तिरका. सूर्य थेट समोर येईल असा पूर्व-पश्चिम लावू नकोस, आणि समोरचं गवत, केळीचं लोंबणारं पान छाटून टाक, नाहीतर वाऱ्यानेच हजार फोटो निघतील. जमल्यास समोरासमोर दोन लाव. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. दोन्ही बाजू मिळाल्या की आलेला तोच आहे की दुसरा, हे घरी बसून ओळखता येतं. कॅमेऱ्यापुढे कोंबडी, मांस, काहीही बांधायचं नाही. आमिष दाखवणं कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. मुंबईच्या आरे वसाहतीत घरांमधल्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकर यांचा फोटो २०१६ मध्ये जगातल्या सगळ्यात मानाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी गटात पहिला आला. तोही बिबट्याच्या नेहमीच्या वाटेवर कॅमेरा लावून, वाट पाहून मिळालेला.

जंगलाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याला अजून वेळ आहे. अभयारण्यात फोटोसाठी शिरायला परवानगी लागते, कायद्याचं २८ वं कलम. उन्हाळ्यात पानगळ झाली की सातपुड्यात साग, सालई, अंजन उघडे पडतात आणि पाणवठे मोजकेच राहतात. बुद्ध पौर्णिमेला वनखातं मचाणावर बसून गणना करतं तेव्हा आधी नाव नोंदव. त्या रात्री फोटो फारसा मिळत नाही, पण जनावरांचे इशाऱ्याचे आवाज ओळखायला कान तयार होतात. वानर एकदाच खाकरलं तर दुर्लक्ष कर. एकाच दिशेला बघत, थांबून-थांबून, सारखं खाकरत राहिलं आणि त्यात मोरानेही सूर मिसळला, तर कॅमेरा चालू कर. दिवसा हमखास बिबट्या बघायचाच असेल तर राजस्थानातलं जवाई किंवा जयपूरजवळचं झालाना, दक्षिणेत काबिनी. जवाईला खडकांवर बिबट्या आणि खाली रबारी लोकांची गुरं, हे दृश्य एकदा तरी बघून यावं.

माझ्या दोनातला एक फोटो पाटणादेवीकडचा. एका गुराख्याने सांगितलं होतं, "भाऊ, तो आठेच पाणी पेवाले येस." परवानगी काढली, वनरक्षकाला सोबत घेतलं. डबक्याला उतरणारी एक कपारीची पायवाट होती, तिच्यावर आम्ही पाऊलही टाकलं नाही. समोरच्या काठावर, वारा आमच्या तोंडावर येईल अशा बेताने चार वाजता बसलो. पावणेसातला तो कपारीवर आला. आम्हाला त्याने पाहिलं, नक्की पाहिलं. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याच पायवाटेने खाली उतरला आणि पाण्याशी बसला. पाणी पिताना बिबट्या पुढचं अंग इतकं खाली घेतो की खांद्याची हाडं पाठीच्या वर निघतात. कमी उजेडासाठी आयएसओ ३२००, शटर एका सेकंदाचा दोनशेवा भाग, कॅमेऱ्याचा आवाज बंद. जीभ वाजत होती ती ऐकू येत होती. तो पिऊन त्याच वाटेने वर गेला, तेव्हाच आम्ही हललो.

सेटिंगचं फार मनावर घेऊ नकोस. बसलेल्यासाठी सेकंदाचा दोनशेवा भाग, चालत्यासाठी पाचशेवा, धावत्यासाठी हजारावा. सावलीत कॅमेरा चित्र नको तितकं उजळ करतो, तेव्हा थोडं कमी कर, नाहीतर गळ्याखालचा पांढरा भाग जळतो. डोळे सावलीत काढ. उन्हात त्याची गोल बाहुली टिंबाएवढी होते आणि नजर निर्जीव वाटते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीची झळ चित्र थरथरवते, त्याला लेन्स कितीही महाग असून उपयोग नाही. त्या वेळी सावलीत बस आणि पाणी पी.

फोटो कुठेही दाखवशील तिथे "बंदिस्त" की "मुक्त" हे लिही, आणि प्राणिसंग्रहालयाचं नाव लिही. खानोलकरांना बक्षीस मिळालं त्याच मानाच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. तो लांडगा पाळलेला, शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. तो फोटो पाळीव लांडग्याचा म्हणून मांडला असता तर त्यात काहीच वावगं नव्हतं.

लेन्सवर अजून पैसे घालू नकोस. येत्या महिन्यात दोन रविवार सिद्धार्थ उद्यानात घालव, सकाळी दार उघडताना आत जा. पहिल्या रविवारी पहिला तास नुसतं बघ, तो कुठे वळतो, कुठे थांबतो ते वहीत लिही. दोन्ही रविवारचे सगळे फोटो घेऊन जळगावला ये, जाळी दिसते तेही आण. वही विसरू नकोस.